आमच्या टकळीचा आवाज

माझी नणंद हिंदी सिनेमात नटी होती. हे सांगितलं की समोरच्याचे डोळे मोठे होतात आणि तो म्हणतो, मग काय, तुमची मजाच असेल. मजा कसली डोंबलाची. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जात होती आणि तिचं तोंड म्हणून बंद नसायचं. जेवताना बोलायची, झोपेत बोलायची, दात घासताना तोंडात फेस घेऊन बोलायची. म्हणून घरात सगळे तिला टकळी म्हणत. मीही तेच म्हणणार. पडद्यावरचं नाव निर्मात्याने ठेवलेलं होतं, ते मला कधी आपलं वाटलंच नाही.

आवाज मात्र तिचा विचारू नका. घोगरा, जाडाभरडा, अगदी बाप्यासारखा. फोन तिने उचलला की लोक तिला माझा नवराच समजायचे आणि ही कार्टी खुशाल भावाच्या नावावर गप्पा ठोकायची. एकदा तर त्यांच्या साहेबांना तिने परस्पर जेवायला बोलावून ठेवलं होतं, आणि साहेब बायकोला घेऊन दारात हजर झाल्यावर माझी जी तारांबळ उडाली ती माझी मलाच ठाऊक. पण सासूबाईंचा जीव त्या आवाजावर होता. टकळी शाळेतून आली की जिन्याच्या पहिल्या पायरीपासून तिची बडबड ऐकू यायची, आणि इकडे सासूबाई हातातलं काम टाकून दार उघडायला जायच्या. दोघींचं गूळपीठ असं की मधे मला शिरायला जागा नसायची. नवी होते तेव्हा मला त्याचा रागही यायचा, पण तो राग फार दिवस धरता आला नाही. ती पोरगी कुणाला रागावूच द्यायची नाही.

चेहरा तिचा लाखात एक. कापडाच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी कुणीतरी तिचा फोटो काढला, तो एका निर्मात्याने पाहिला आणि माणूस घरी आला. माझ्या नवऱ्याने नाही म्हणून पाहिलं, सासूबाईंनी हो म्हणून टाकलं, आणि टकळी कॉलेज सोडून हिंदी पिक्चरची हिरॉईन झाली. बरोबर सोबत म्हणून मी. म्हणजे सेटवर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं, तिची पर्स सांभाळायची आणि कुणी जास्त जवळ आलं की घसा खाकरायचा. हे काम मला छान जमायचं.

पहिला पिक्चर पुरा होत आला तेव्हा निर्मात्याने आम्हाला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला, बिस्किटं पुढे केली, त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी वाईट सांगायचंय. म्हणाला, चेहरा सोन्यासारखा आहे, पण आवाज हिरॉईनचा नाही. शिवाय हिंदीत घरची वळणं येतात. तेव्हा डबिंग दुसरी बाई करेल. त्या काळी ही पद्धतच होती, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. शूटिंगला नटी आपल्या आवाजात बोलायची, तो आवाज नुसता खुणेपुरता रेकॉर्ड व्हायचा. मग स्टुडिओत दुसरी बाई पडद्यावरचे ओठ बघत बघत त्यावर आपला आवाज चढवायची आणि पहिला आवाज पुसून टाकायचे. टकळीने विचारलं, पुसतात म्हणजे कुठे ठेवतात तरी का. निर्माता हसला. त्या माणसाचं हसणं अजून माझ्या डोक्यात जातं.

आणखी एक अट होती. बाहेर कुठे बोलायचं नाही. समारंभात नाही, रेडिओवर नाही, चाहत्यांशी नाही. पब्लिकने पडद्यावर एक आवाज ऐकायचा आणि दुकानात दुसरा, म्हणजे धंद्याचं वाटोळं. टकळीने ऐकून घेतलं. वीस वर्षांची पोर, तिला वाटलं एका पिक्चरपुरतं आहे.

तो पिक्चर बघायला आम्ही सगळे गेलो. सासूबाईंचे डोळे तेव्हा धडधाकट होते. ठेवणीतले कपडे घालून, छाती फुगवून बसल्या होत्या. पडद्यावर टकळी आली, हसली, आणि एका मंजुळ, मधाळ आवाजात बोलायला लागली. सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं मशीन बिघडलंय. मी हळूच समजावलं तेव्हा त्या खाली बसल्या, पण मध्यांतरात घरी निघून गेल्या. रात्री टकळी त्यांच्या पायाशी बसून रडत होती आणि त्या एकच म्हणत होत्या, तोंड माझ्या पोरीचं आणि त्यात भलतीचा आवाज कोंबलाय, हे मी बघणार नाही. त्यांनी ते खरं केलं. लेक गावभर गाजली, पोस्टरं लागली, बक्षिसं मिळाली, पण आई पुन्हा थिएटरात गेली नाही. आणि टकळीने मनाशी ठरवून टाकलं, एक पिक्चर स्वतःच्या आवाजात करायचा आणि आईला तिथे नेऊन बसवायचं. हिरॉईन असो नाही तर मोलकरीण असो, पिक्चर चालो नाही तर पडो. तिचं एवढंच मागणं होतं.

पण पहिला पिक्चर धो धो चालला. आता तोच आवाज पाहिजे म्हणून सगळे अडून बसले. त्या आवाजाची बाई आम्ही एकदाच पाहिली. टकळीनेच हट्ट धरला, मला बघायचंय माझ्यासाठी कोण रडतं ते. डबिंगच्या खोलीत काचेमागे आम्ही बसलो. बाई साधीशी, ठेंगणी, चष्मेवाली. बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या, गरम पाण्याचा घोट घेतला आणि माइकसमोर उभी राहिली. समोर पडद्यावर टकळीचं तोंड पुन्हा पुन्हा तेच वाक्य बोलत होतं, मुकं, आणि ही बाई त्यावर हुंदका बसवत होती. बसला नाही की परत. बसला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. टकळी बघत राहिली. बाई बाहेर आली, टकळीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुम्ही श्वास फार छान घेता हो. मला सोपं जातं." परत येताना गाडीत टकळी म्हणाली, वहिनी, चांगली आहे गं बाई, वाईट असती तर बरं झालं असतं. आम्ही तिला आपसांत आवाजवाली म्हणत असू. तिचं नाव पडद्यावर कधी आलं नाही, तिलाही तेवढंच मिळालं म्हणायचं.

मग वर्षं गेली, आणि आमची टकळी गप्प होत गेली. एका दिवसात नाही. आधी बाहेर बोलेना. माझ्याबरोबर भाजीला आली तर नुसतं बोट दाखवायची, भाजीवाली बिचारी तिला मुकी समजून दोन मिरच्या जास्त घालायची. पुरस्काराच्या समारंभात तिने नुसती मान लववली, तर पेपरवाल्यांनी ‘अबोल सौंदर्य’ म्हणून अर्धं पान भरलं. अबोल म्हणे. ते वाचून मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. पुढे पुढे ती घरातही कामापुरतंच बोलायला लागली. जिन्यावर आवाज येईना. दार वाजलं की सासूबाई विचारायच्या, कोण आहे. स्वतःच्या लेकीला असं विचारावं लागायचं त्यांना.

मधे एक स्थळ आलं होतं. शिकलेला, सालस, तिचे सगळे पिक्चर पाहिलेला. आमच्या दिवाणखान्यात बसला होता. टकळीने चहा पुढे केला आणि विचारलं, साखर किती. त्याने कप घेतला, पण त्याचा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी त्याचं काहीतरी चोरलंय. चांगला माणूस होता, काही वावगं बोलला नाही. चहा पिऊन गेला तो गेलाच. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, त्या मेल्याला जिन्यावर गाठून चार शब्द सुनवावे असं वाटलं. टकळीने कपबशा उचलल्या, धुतल्या आणि शूटिंगला निघून गेली. पुन्हा लग्नाचा विषय तिने काढू दिला नाही.

हिरॉईनचे दिवस सरले. ती हिरोची बहीण झाली, मग वहिनी झाली, मग आई झाली. प्रत्येक वेळी नव्या निर्मात्याला ती विचारायची, आता तरी मी बोलू का. आई घोगरी असली तर काय बिघडतं. आणि प्रत्येक जण म्हणायचा, बाई, लोक तुमचा आवाज ऐकायला येतात. इकडे सासूबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. दोन ऑपरेशनं झाली, उपयोग झाला नाही. हळूहळू त्यांना नुसता उजेड तेवढा कळायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी टकळी कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे गेले तर म्हणाली, आता आईला मी दिसायचीही नाही आणि ऐकू यायचीही नाही, मग मी केलं काय इतकी वर्षं.

आणि मग तो दाढीवाला पोरगा आला. नवा दिग्दर्शक, पहिलाच पिक्चर, चपला घालून थेट आत येणारा. म्हणाला, मी डबिंग करत नाही, सेटवर जे बोलाल तेच पिक्चरमध्ये. लहानशी भूमिका होती, इस्त्रीचं दुकान चालवणारी एक आत्या, जिभेने तिखट आणि मनाने मऊ. टकळीने गोष्ट पुरी ऐकलीही नाही, हो म्हणाली. त्याच्या निर्मात्याला भूमिकेसाठी नाव मोठं पाहिजे होतं, म्हणून तोही खूश.

पहिल्या दिवशी सेटवर माइक लावला, सगळीकडे शांतता केली आणि टकळी बोलली. आणि तिच्या तोंडून आवाजवाली बोलली. तोच मधाळ सूर, तेच नाजूक हेलकावे. पोरगा म्हणाला, परत. परत तेच. किती वेळा झालं कोण जाणे. इतकी वर्षं त्या आवाजाचा अंदाज घेऊन ओठ हलवले होते तिने, तिचा स्वतःचा आवाज कुठे गेला हे तिचं तिलाच सापडेना. घामाने मेकअप ओघळायला लागला. पोरगा हात जोडून म्हणाला, मावशी, तुम्ही घरी बोलता तसं बोला. तिने माझ्याकडे पाहिलं, तिचे डोळे अगदी शाळेतल्या पोरीसारखे झाले होते. मग मात्र माझ्याने राहवलं नाही. खुर्चीवरून उठून मी सगळ्यांसमोर ओरडले, "टकळे, तोंड शिवलंय का तुझं? त्या साहेबांना जेवायला बोलावताना बरी जीभ चालत होती."

"तू मधे बोलू नकोस हं वहिनी," ती खेकसली. घोगरं, जाडंभरडं, खास आमच्या घरातलं. पोरगा उडीच मारायचा बाकी होता. म्हणाला, हाच, हाच, आता कॅमेरा चालू ठेवा. त्या दिवसापासून ती सेटवर अशी बोलत सुटली की जेवणाच्या सुट्टीत लाइटवाले तिच्याभोवती बसायला लागले. घरी आली की जिन्यापासून माझ्या नावाने हाका. महिनाभर आमच्या घरात पुन्हा ती दोन वेण्यांची पोरगी वावरत होती.

सासूबाईंना तिने सांगितलं, "आई, यात मीच बोललेय. चल माझ्याबरोबर." सासूबाई म्हणाल्या, कपडे कुठले घालू ते सूनबाईला विचारते.

पिक्चरचा खास खेळ होता, मोठमोठी माणसं यायची होती, पण टकळी गेली नाही. तिचं म्हणणं, आईच्या आधी मी स्वतःला ऐकणार नाही. म्हणून पिक्चर लागल्यावर एका दुपारच्या साध्या खेळाला आम्ही तिघीच गेलो. टकळीने काळा चष्मा लावला, डोक्याला रुमाल बांधला. सासूबाईंना मधे बसवलं. त्यांनी पर्स मांडीवर घेतली, मान जराशी वाकडी करून पडद्याकडे कान केला आणि मला विचारलं, सुरू झालं का. टकळीने त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

पडद्यावर इस्त्रीचं दुकान आलं. टकळी पाठमोरी, शर्टाची कॉलर दाबतेय. दारात भाचा येऊन उभा राहतो. ती मान न वळवता म्हणते, "दरवाजा खुला है, आ जाओ."

आवाज आवाजवालीचा होता.

नंतर कळलं ते असं, पिक्चर विकत घेणाऱ्यांनी तो आधी पाहिला आणि त्यांना वाटलं, बाईंचा घसा बसलाय. आजारी आहेत का, असंही एकाने विचारलं म्हणे. निर्मात्याने त्या दाढीवाल्या पोराला न जुमानता घाईघाईने डबिंग करून घेतलं. पोराची आम्हाला तोंड दाखवायची छाती झाली नाही. आवाजवालीला सांगितलं होतं की बाईंनीच तुम्हाला बोलवायला सांगितलंय. हे सगळं नंतर. त्या वेळी मी नुसती टकळीकडे बघत होते. तिने काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. रडली नाही. पडद्याकडे बघत राहिली आणि मग आईच्या कानाशी वाकली.

पडद्यावरची बोलायला लागली तशी हीही बोलायला लागली. तेच शब्द, तिच्या स्वतःच्या आवाजात, अगदी कानाला ओठ लावून. सगळे डायलॉग तिला पाठ होते, कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं. पडद्यावरची तोंड उघडायच्या आत हिचा शब्द निघायचा, म्हणजे आईच्या कानात आधी हिचा पडावा. मी जीव मुठीत धरून बसले होते. सासूबाईंचा चेहरा शांत होता. एकदा तर त्या हसल्या. मला वाटलं, साधलं, त्यांना काही कळलेलं नाही. देवा, दोन तास निभावून ने, एवढंच म्हणत होते मी.

मध्यांतर झालं, सासूबाईंनी पाणी मागितलं. परत अंधार झाला. शेवटाकडे आत्याचं भावाशी भांडण आहे. तिथे तिचा आवाज चढतो. पडद्यावरचा चढला आणि टकळीचाही चढला. तिला भानच राहिलं नाही. इतकी वर्षं साठलेलं सगळं त्या भांडणात येत होतं, आजूबाजूची डोकी वळायला लागली होती. मागच्या रांगेतल्या एका माणसाने पुढे वाकून तिच्या खुर्चीवर टकटक केलं.

"ओ बाई, गप्प बसा हो जरा," तो म्हणाला. "तिला बोलू द्या ना. तिचा आवाज ऐकायलाच आलोय आम्ही."

मी उठले. आज या माणसाची धडगत नाही असं ठरवूनच उठले. टकळीने आईच्या पुढून हात घालून माझं मनगट धरलं आणि मला खाली ओढलं. आईसमोर काही बोलू नकोस, असं तिला म्हणायचं होतं. तिने तोंड मिटून घेतलं. पडद्यावर भांडण चालूच होतं.

तेवढ्यात सासूबाई मागे वळल्या. तो माणूस नेमका कुठे बसलाय हे त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून त्या अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "अहो, तुम्ही तिचं ऐका. मी हिचं ऐकायला आलेय."

माणूस मागे टेकला. सासूबाई पुन्हा सरळ बसल्या, पर्स नीट केली आणि कान लेकीकडे केला. टकळीने तोंड उघडलं. काही आलं नाही. परत उघडलं.

"आई," ती म्हणाली, "मला पुढचं आठवत नाहीये."

"मग दुसरं काहीतरी बोल," सासूबाई म्हणाल्या.